पेशीतलं करवीर: आठवीच्या पोरीला गोष्टीतून पेशी शिकवताना गोष्ट कुठवर ताणावी?

शुक्रवारपेठी

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे. सवडीनं वाचा.

भाची आठवीत आहे, सेमी इंग्रजीत. मागच्या महिन्यात पावसानं लाईट गेलेली आणि ही अंधारात पाढे म्हणावेत तशी म्हणत बसलेली, "मायटोकॉन्ड्रिया इज द पॉवरहाऊस ऑफ द सेल." चार-पाच वेळा ऐकल्यावर मी विचारलं, पॉवरहाऊस म्हणजे गं काय? म्हणाली, "एक मार्क."

मला फार वाईट वाटलं. मेणबत्ती लावली, सोप्यात फरशीवर खडूनं मोठा गोल काढला आणि म्हटलं, हे बघ, हे एक करवीर आहे, म्हणजे जुनं कोल्हापूर. इतकं लहान की सुईच्या टोकावर मावेल.

गावाला तट आहे, पण दगडाचा नाही, तेलाचा. बायकांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या. एका रांगेची तोंडं बाहेरच्या पाण्याकडे, दुसरीची आतल्या पाण्याकडे, आणि दोघींचे तेलकट पदर मधोमध. मधे राजवाडा, म्हणजे केंद्रक. तिथलं मूळ दप्तर कधीच बाहेर जात नाही. सातबाऱ्याची काढतात तशी त्याची नक्कल काढून बाहेर देतात. नक्कल वाचून रायबोझोम नावाचे कारागीर माल घडवतात, गॉल्गी पिंडात त्याला वेष्टण आणि पत्ता लागतो, तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) म्हणजे गावातली गुऱ्हाळं.

एक दिवस लांब शिवारात बैल उधळतो. मूत्रपिंडावरच्या टोपीतून अद्री नावाची जासूद निघते (ॲड्रिनॅलिन हो). ती यकृताच्या गावापाशी येते, पण तेलाचा तट तिला ओलांडता येत नाही. ती फक्त दाराच्या कडीला हात लावते. आतल्या बाजूला गजी नावाचा पहारेकरी झोपलाय, हा जी-प्रोटीन. त्याच्या हातातली विझलेली पणती पडते, तो पेटती पणती उचलतो आणि तटाकडेनं पळत जाऊन बांगडीवालीला उठवतो. ती एटीपीची, म्हणजे पेशीला ताकद पुरवणाऱ्या रेणूची, सरळ काडी वाकवून बांगडी करते. सायक्लिक एएमपीचा आकार खरंच वळ्यासारखा असतो, म्हणून बांगडी. शेकडो बांगड्या गावभर उधळल्या जातात, कोठारांची कुलुपं निघतात आणि साठवलेली साखर रक्तात सुटते. बैलासमोरून पळायला पायांना बळ मिळतं.

पोरगी दोन तास हलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मैत्रिणींना तीच गोष्ट सांगितली.

पण गोष्ट रंगावी म्हणून मी लयकारिकेला, म्हणजे लायसोसोमला, राक्षस केलं होतं. घटक चाचणीत हिनं लिहिलं, "लायसोसोम हा पेशीचा शत्रू आहे." गुण गेले त्याचं काही नाही. चुकीचं चित्र माझ्यामुळे तिच्या डोक्यात बसलं, ते मला लागलं. आणि तिनं एक प्रश्न विचारला तो अजून माझ्याकडे पडून आहे: "मावशी, याच घराचं दार वाजवायचं हे अद्रीला कसं कळलं?"

तर प्रश्न असा, की गोष्ट कुठवर ताणावी? कुणी मुलांना असं शिकवलंय का?

लालपरी

ताई, बांगडीवाली लई भारी! मी बारावीला सायक्लिक एएमपी तीनदा पाठ केलं आणि तीनदा विसरलो. आज एका वाचनात बसलं.

तटस्थ

मी विरुद्ध बाजूनं बोलतो, राग मानू नका. अकरावी-बारावीची मुलं माझ्याकडे येतात. त्यातली निम्मी अशी गोष्ट ऐकून आलेली असतात आणि ती पुसायला मला महिना लागतो. रेणूला "वाटतं", "हवं असतं", "कळतं", असं मुलं पेपरात लिहितात. रेणूला काही कळत नाही. जासूद म्हटलं की डोळे आले, इरादा आला, पत्ता आला. भाचीनं विचारलेला प्रश्न गोष्टीनंच जन्माला घातलाय. नुसतं रसायन शिकवलं असतं तर तो पडलाच नसता.

गुळव्या

ताई, गोष्ट एक नंबर. पण गुऱ्हाळाचं तेवढं बदला.

आमचं गुऱ्हाळ आहे कागल रोडच्या आत, आजोबांच्या काळापासनं. काहिलीत रस पडला की खाली चुलाणात चिपाडाचा जाळ. भेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येते, ती काढत राहायची. मग रस पिवळा, मग तांबूस, बुडबुडे मोठे होतात, वास बदलतो. पाक पाण्यात सोडून गोळी धरते का बघायचं आणि बरोब्बर त्या घडीला काहील उतरवायची. एक मिनिट चुकलं तर सगळा आधण गेला.

सांगायचा मुद्दा, गुऱ्हाळात जाळ खर्च होतो आणि गूळ निघतो. तुमच्या तंतुकणिकेत साखर खर्च होते आणि ताकद निघते. उलटा कारभार झाला की. पोरीला कुणी गुऱ्हाळवाल्याच्या पोरानं अडवलं तर?

कण्हेर

गुळव्यांचं म्हणणं अचूक आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो, आणि हा उलटा कारभार मी स्वतः अनेक वर्षं वर्गात सांगितला. "पॉवरहाऊस" म्हटलं की मुलं धुराडं काढतात. खरं चित्र धुराड्याचं नाही, धरणाचं आहे.

आपल्याकडे राधानगरी धरण असताना दुसरं उदाहरण शोधायचंच कशाला? तंतुकणिकेला दोन पडदे असतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन आतल्या पडद्यातल्या प्रथिनांवरून पायरीपायरीनं उतरतात, आणि त्या उतरण्याच्या बळावर हायड्रोजनचे धनकण पडद्यापलीकडे उपसले जातात. पलीकडे साठा होतो, म्हणजे धरण भरतं. मग ते कण एका अरुंद वाटेनं परत आत कोसळतात. त्या वाटेत एक चक्र असतं आणि ते खरोखर गरगर फिरतं. त्या फिरण्यातून एटीपी घडतो. धरणाच्या पायथ्याशी वीजगृहात टर्बाईन फिरतं तसंच, फक्त पाण्याच्या जागी हायड्रोजनचे कण.

पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली तेव्हा बहुतेकांना ती पटली नव्हती. नोबेल मिळायला १९७८ उजाडलं. ते चक्र कसं चालतं हे उलगडणाऱ्या बॉयर आणि वॉकर यांना १९९७ मध्ये मिळालं. आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. शरीरात एका वेळी एटीपी असतो जेमतेम काही तोळे, पण तोच पुन्हा पुन्हा मोडून-जोडून दिवसभरात साधारण आपल्या वजनाइतका वापरला जातो.

तटस्थ यांच्या आक्षेपावर सावकाश लिहितो. तो महत्त्वाचा आहे.

पुण्यातला_पण_कोल्हापूरचा

गुळव्या, आधण म्हटल्यावर थेट काहिलीतल्या गरम गुळाचा वास आला. इथं दुकानात मिळतो तो गूळ नुसता गोड. बाकी वाचतोय, चालू द्या.

विट्याची_सून

शुक्रवारपेठी, तुमच्या राक्षसाबद्दल.

माझं माहेर कोल्हापूरचं, सासर विट्याचं. आमच्या भागातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात, भारतभर पसरलेली. माझे सासरे पन्नास वर्षं जुनं सोनं-चांदी गाळत आले. त्यांच्या दुकानाच्या मागं एक बंद खोली होती. तेजाब तिथंच, भट्टी तिथंच. आम्हा कुणाला आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. मोडकी बुगडी, झिजलेली पाटली, तुटलेला तोडा आत जायचा आणि बाहेर चोख सोनं यायचं. त्याचाच पुन्हा नवा दागिना. सराफाच्या झाडलोटीतली धूळसुद्धा ते गाळायचे, कण वाया जायचा नाही.

मुलीला शिकवताना मी लयकारिकेला गलाईवाला केलं. तेजाब खोलीच्या आत. झिजलेली प्रथिनं, मोडलेली तंतुकणिका, बाहेरून पकडून आणलेला जंतू, सगळं त्या खोलीत. आणि सुटे भाग परत गावाला. तिला ते इतकं पटलं की ती आजोबांना "आमचे लायसोसोम" म्हणायला लागली. सासऱ्यांनी अर्थ विचारला, आणि कळल्यावर ते खूश झाले.

कण्हेर

विट्याची सून, तुम्ही माझं काम केलंत. यात दोन तपशील घाला. पेशीच्या आतलं पाणी जवळजवळ उदासीन असतं आणि लयकारिकेच्या आत चांगलं आम्ल, सामू (पीएच) पाचच्या आसपास. तिथली विकरं (एन्झाइम) त्या आम्लातच नीट चालतात. त्यामुळे एखादी खोली थोडी गळलीच, तर बाहेर आल्यावर त्यांची धार जाते. ही निसर्गाची दुहेरी कडी. ख्रिश्चन द दूव यांनी १९५५ मध्ये हे अंगक ओळखून नाव दिलं. पेशी स्वतःचे जुने भाग कसे गुंडाळून तिथं पोचवते हे यीस्टमध्ये शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

हलगी

लयकारिका हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं तबलजी असणार. लय धरणारी.

विट्याची_सून

हलगी, लय म्हणजे विलयसुद्धा. पण मुलांना हा विनोद सांगायला हवा, नाव कधी विसरणार नाहीत.

लालपरी

आणि कोल्हापुरात लय म्हणजे "लई" पण. लई काम करणारी ती लयकारिका.

प्रयागकाठ

मी चिखलीकडचा. पाच नद्या मिळतात तिथला. राधानगरीचं नाव निघालं म्हणून लिहितोय.

भाचीनं विचारलेला प्रश्न, अद्रीला कसं कळलं. मला शास्त्र फार येत नाही, पण राधानगरीच्या दारांना तरी कुठं काय कळतं? सात स्वयंचलित दारं आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं एकेक उघडतं, पाणी उतरलं की मिटतं. कुणी बटण दाबत नाही. दाराला पाऊस पडल्याचं ठाऊक नसतं. भार आला की ते उघडतं, बस्स.

मग पुढची साखळी बघा. दार उघडलं की पाणी भोगावतीत. भोगावतीतनं पंचगंगेत. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा. ४३ ला धोका. ३९ चा मेसेज आला की आमच्यात आई आधी म्हशींची दावी सोडते, मग धान्य माळ्यावर, मग माणसं. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा याच क्रमानं आम्ही बाहेर पडलो. एका दाराचं उघडणं शेवटी आमच्या गोठ्यातल्या दाव्यापर्यंत पोचतं. मधल्या कुणालाच सगळी गोष्ट माहीत नसते, जो तो आपल्या शेजारच्यानं दिलेला धक्का पुढं देतो.

ताईंच्या बांगड्या वाचताना मला तेच दिसलं.

तटस्थ

प्रयागकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "मधल्या कुणालाच सगळी गोष्ट माहीत नसते" हे वाक्य मी उद्या वर्गात वापरणार. संदेशवहनाच्या साखळीचं याहून नेमकं वर्णन मला येत नाही. ठरावीक पातळीला पोचेपर्यंत काहीच न होणं आणि मग एकदम होणं, ३९ आणि ४३ चा तो भाग तर पेशीतही तसाच आढळतो.

माझा आक्षेप आता एवढाच उरतो, की गोष्टीतली पात्रं डोळस नकोत.

कण्हेर

आता सावकाश लिहितो म्हटलं होतं ते.

मी एक खेळ घ्यायचो. वर्गातली बाकं भिंतीला लावायची आणि आंधळी कोशिंबीर. सगळ्यांचे डोळे बांधलेले, फक्त एकावर राज्य असं नाही. पाच जणांच्या हातात चौकोनी ठोकळे, पाच जणांच्या हातात चौकोनी भोकाची पुठ्ठ्याची पाटी, बाकीच्यांच्या हातात गोल, त्रिकोणी, काहीबाही. सांगायचं, फिरा, आपटा, जुळलं तर थांबा. पहिल्यांदा मुलांना वाटायचं हे कधी जुळायचंच नाही. चार-पाच मिनिटांत जुळायचं.

अद्रीला घर माहीत नसतं. ती रक्तातून सगळीकडे जाते, हजारो दारांवर आपटते आणि जिथं कडीचा आकार जुळतो तिथं क्षणभर अडकते. ज्या गावाला तशी कडीच नाही त्या गावाला बैल उधळल्याचा पत्ताही लागत नाही. भाचीचं उत्तर हेच: कळत नाही, जुळतं.

आतल्या बांगड्यांचंही तसंच. त्या कुणाकडे "जात" नाहीत, नुसत्या धडपडतात. पण गाव इतकं लहान की सेकंदाच्या आत इकडून तिकडे पोचतात. कुलुपाला एकूण चार बांगड्या अडकाव्या लागतात, तेव्हा आतला कामगार सुटा होतो. बांगड्या शोधून काढणारे अर्ल सदरलँड, त्यांचं नोबेल १९७१ चं. ते काम यकृतावर आणि ॲड्रिनॅलिनवरच झालं, म्हणजे ताईंनी नकळत नेमकी तीच गोष्ट निवडली.

म्हणून तटस्थ, गोष्ट टाकू नका. गोष्टीत सगळ्यांच्या डोळ्यांना पट्टी बांधा.

शुक्रवारपेठी

सर, हे वाचून मी स्वयंपाक अर्धवट टाकून भाचीला फोन केला. "कळत नाही, जुळतं." ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "मग अद्री परत आली तर तिला दुसरं घर सापडेल." बरोबर ना?

कण्हेर

अगदी बरोबर. कडीतून सुटलेला रेणू पुन्हा भटकायला मोकळा, यकृतात वगैरे मोडला जाईपर्यंत.

मायलेकी

एक राहिलं. कुलुपं उघडली, साखर सुटली, ठीक. पण बंद कोण करतं? बैल निघून गेला तरी साखर सुटतच राहिली तर? माझी मुलगी गोष्ट ऐकल्यावर पहिलं हेच विचारेल. तिला गॅस बंद केला का हे झोपायच्या आधी दोनदा बघायची सवय आहे.

शुक्रवारपेठी

मायलेकी, गजीच्या पणतीत तेल थोडंच असतं. ते संपलं की तो आपोआप बसतो. आणि गावात एक म्हातारी फिरत असते, ती बांगड्या फोडत जाते.

आत्याबाई

अगं फोडत काय जाते! बांगडी "वाढवत" जाते म्हण. लेकीबाळींना गोष्ट सांगतेस ना.

शुक्रवारपेठी

चुकलं आत्याबाई. वाढवते. आता गोष्टीतही तसंच सांगेन. फॉस्फोडायएस्टरेज म्हणजे बांगडी वाढवणारी आजी.

सिस्टर_गगनबावडा

बंद न झालेल्या पणतीची गोष्ट माझ्याकडे आहे आणि ती खरी आहे.

कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या पेशीत शिरतसुद्धा नाही. तो एक विष सोडतो. त्या विषाचा एक तुकडा आत जाऊन गजीला असा पकडतो की त्याची पणती विझतच नाही. गजी उभाच. बांगड्या होतच राहतात. आतड्याच्या पेशीची दारं उघडी पडतात, क्षार बाहेर, त्यामागं पाणी बाहेर. माणूस काही तासांत सुकतो. हे विष कॉलऱ्याच्या जंतूपासून वेगळं आहे असं कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. त्यांचं नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता गंमत ऐका. आतड्याला आणखी एक दार असतं. त्यातून साखर आणि मीठ जोडीनंच आत येतात, एकट्याला प्रवेश नाही. ते आले की पाणी मागोमाग. कॉलऱ्याचं विष या जोडदाराला हात लावत नाही. जलसंजीवनी चालते ती त्याच दारानं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी ड्रमात भरून पाजायला लावलं आणि असंख्य जीव वाचले.

२०१९ च्या पुरात मी एका शाळेतल्या छावणीत ड्युटीला होते. जुलाबाची मुलं येत होती. एक आजी नातवाला नुसतं मिठाचं पाणी पाजत होती, साखरेनं जुलाब वाढतात म्हणून. मी तिला म्हटलं, आजी, हे दार नवरा-बायकोशिवाय उघडत नाही. एकटं मीठ गेलं तर दारातच उभं राहतं. ती हसली आणि तिनं साखर घातली. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. पाकीट मिळालं तर पाकीटच घ्या, त्यात बाकीचे क्षारही असतात.

गोष्टीनं फक्त मार्क मिळतात असं नाही, एवढंच सांगायला लिहिलं.

प्रयागकाठ

सिस्टर, कोणती छावणी ते विचारत नाही. पण तुम्हा सगळ्यांचे उपकार आमच्या गावावर आहेत.

लालपरी

कडीचा विषय निघालाय तर माझंही एक घ्या. मी एस्टीत वाहक आहे. गाडी स्टँडला लागायच्या आधीच लोक खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरतात. सीटवर रुमाल. बसलेलं कुणी नाही, पण दुसऱ्याला बसता येत नाही. पेशीच्या कडीला असं काही होतं का?

कण्हेर

होतं, आणि रोज सकाळी तुम्ही-आम्ही ते करतो. दिवसभराच्या कामानं मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं, ते आपल्या कडीत बसलं की झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याच कडीत जाऊन बसतं, पण निरोप देत नाही. नुसता रुमाल. झोपेला जागाच मिळत नाही. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, ज्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात, त्या अद्रीच्या सीटवर टाकलेले रुमाल. जेम्स ब्लॅक यांना त्यासाठी १९८८ मध्ये नोबेल मिळालं.

लालपरी

म्हणजे रात्रीच्या मुक्कामी गाडीआधी मी जो चहा पितो तो रुमाल. डेपोत सांगतो सगळ्यांना.

रंकाळा_पहाटे६

मी एक वयस्क सभासद. चौदा वर्षं मधुमेह. डॉक्टर म्हणतात "इन्शुलिन रेझिस्टन्स", मी मान हलवतो. तुमच्या गोष्टीत माझी जागा कुठं, ते कुणी सांगेल का?

सिस्टर_गगनबावडा

काका, तुमच्या स्नायूंच्या गावाला साखरेची दारं तटावर नसतात, आत गोदामात पिशव्यांमध्ये गुंडाळून ठेवलेली असतात. जेवण झालं की इन्शुलिन येतं, कडी वाजवतं, आत निरोपांची साखळी चालते आणि त्या पिशव्या तटाला येऊन चिकटतात. दारं तटावर बसली की साखर आत. तुमच्या गावात कडी वाजते, पण आतली साखळी सुस्तावली आहे, दारं पुरेशी येत नाहीत. मग साखर रक्तातच फिरत राहते.

आणि एक आनंदाची गोष्ट. स्नायू हालले, की इन्शुलिनच्या कडीशिवाय दुसऱ्या वाटेनंही तीच दारं तटावर येतात. म्हणून जेवल्यावर चालायला सांगतात. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

रंकाळा_पहाटे६

चौदा वर्षांत हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. मी सकाळी फिरतो. आजपासून रात्री जेवल्यावरही पदपथावर एक चक्कर. चालताना मनात दारं मोजेन.

हलगी

काका, रात्री आठला या. आम्ही तालमीतली चार पोरं रोज असतो तिकडं, सोबत होईल.

मलाही एक विचारायचंय. पाठीच्या कण्यातनं पायाच्या पंजापर्यंत एकच पेशी जाते असं ऐकलंय. मग तिथं आंधळी कोशिंबीर कशी पुरणार? एवढ्या लांब भटकत माल कधी पोचायचा?

कण्हेर

नाही पुरत. फार सुंदर शंका. एवढ्या लांब पेशीत हमाल लागतात. कायनेसिन नावाचं प्रथिन, दोन पायांचं, पाठीवर मालाची पिशवी, सूक्ष्मनलिकेच्या रुळावरून पाऊल टाकत चालतं. एक एटीपी, एक पाऊल, पाऊल ८ नॅनोमीटरचं. एक मीटरचा रस्ता धरला तर साडेबारा कोटी पावलं होतात. एकच हमाल सगळं अंतर चालत नाही, सुटतो, दुसरा धरतो. माल पोचायला काही दिवस लागतात.

मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी गुळाचे रवे (ढेपा) पाठीवर घेऊन जाणारे हमाल बघा आणि मग हे आठवा. फक्त कायनेसिनच्या डोळ्यांवरची पट्टी काढू नका. त्याला रुळाची दिशा "जाणवते" ती रुळाच्या घडणीमुळे.

गुळव्या

हमालांचं नाव काढलंत, बरं वाटलं. आमचा एक जुना हमाल सांगायचा, रवा पाठीवर असला की तोंडात गूळ टाकायचा नाही. तहान लागते.

तटस्थ

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मी पहिल्या प्रतिसादात जरा कडक लिहिलं होतं. गेल्या आठवड्यात बारावीच्या वर्गात गजी आणि बांगडीवाली सांगितली. सांगून झाल्यावर कागद दिला: या गोष्टीत खोटं काय काय आहे ते लिहा. चाळीस मिनिटं वर्गात आवाज नव्हता. एकीनं लिहिलं, "बांगडीवाली वेगळी बाई नाही, ती तटातच रुतलेली आहे, उठून बसू शकत नाही." एकानं लिहिलं, "गाव रिकामं दाखवलंय, खरं तर आत जोतिबाच्या यात्रेसारखी गर्दी असते." दोन्ही बरोबर. पाठ करून ही मुलं इथवर आली नसती.

गोष्ट कुठवर ताणावी याचं माझं उत्तर: मुलाला ती कुठं फाटते ते दिसेपर्यंत.

मायलेकी

आणि एकदा खरी पेशी दाखवा हो. कांद्याचा पातळ पापुद्रा, आयोडीनचा थेंब, शाळेतला साधा मायक्रोस्कोप. विटांच्या भिंतीसारखे कप्पे आणि प्रत्येकात एक पिवळसर ठिपका. माझ्या मुलीनं डोळा लावला आणि हळूच म्हणाली, "राजवाडा." बाकीचं काही दिसलं नाही, पण तो ठिपका तिला पुरला.

शुक्रवारपेठी

मंडळी, भाचीला मी हा सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. दोन दिवस काही बोलली नाही. काल वही आणून दिली. तिच्या परवानगीनं जसंच्या तसं टंकतेय.

"एक गाव होतं. ते हाडांच्या आत जन्मलं. त्याला राजवाडा होता, धरणं होती, सगळं होतं. मग त्यानं राजवाडा बाहेर टाकला. धरणं मोडली. कारण त्याला ऑक्सिजन वाहायचा होता आणि जागा पाहिजे होती. त्यानं आपल्यात २७ कोटी हिमोग्लोबिन भरले. धरणं असती तर त्यानं वाटेतच ऑक्सिजन वापरला असता. गूळ वाहणारा हमाल गूळ खात नाही. त्याच्याकडे दप्तर नव्हतं म्हणून काही मोडलं तर नवीन बनवता येत नव्हतं. तरी ते १२० दिवस फिरलं. त्याला कुठं जायचं ते माहीत नव्हतं, कारण त्याच्या डोळ्यांना पट्टी होती. हृदय ढकलत होतं. मग ते म्हातारं झालं आणि प्लीहेत अडकलं. तिथं एका मोठ्या पेशीनं त्याला घेतलं आणि गलाईवाल्याच्या खोलीत नेलं. गलाईवाल्यानं त्याला गाळलं. लोखंड निघालं. ते त्यानं परत हाडांच्या गावाला पाठवून दिलं."

खाली तिनं पेन्सिलीनं लिहिलंय: "लायसोसोम शत्रू नाही. माझं चुकलं होतं."

कण्हेर

तिला सांगा, यात मला दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

विट्याची_सून

सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलंय, पोरगी विट्याला कधी येणार. भट्टी दाखवतो म्हणाले, लांबून.

गुळव्या

आमच्याकडं बी चिपाड परत चुलाणातच जातं ताई. येत्या हंगामात पोरीला घेऊन या, पहिल्या काहिलीला. पहाटे चारला यावं लागंल.